वल्ह्याच्या होडीवर शीड चढवताना: एका प्रकरणाची पूर्ण नोंद

होडी 3.6 मीटर लांब, काठापाशी 1.25 मीटर रुंद, तळ सपाट. 6 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे तुकडे तारेने टाचायचे, सांध्यांत इपॉक्सी भरायचं आणि वरून फायबरग्लासची पट्टी चिकटवायची, या पद्धतीने मालकाने ती स्वतः बांधलेली. वजन 45 किलोच्या आसपास, म्हणजे दोघांनी धरून पाण्यात सोडता येईल एवढं. वल्ह्यांवर ती सुरेख चालायची. मग मालकाला एका मोठ्या शिडाच्या होडीचं जुनं सामान मिळालं: 6 मीटरची ॲल्युमिनियमची डोलकाठी, मिळून 10 चौरस मीटर भरतील अशी दोन शिडं आणि डोलकाठीला तिन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा. सामान बघायला मला बोलावलं तेव्हा बेत पक्का झालेला होता.

"पुढच्या बाकाला भोक पाडतो, काठी उभी करतो, तारा काठाला बांधतो. आणखी काय लागेल ते तुम्ही सांगा."

लागणार तर बरंच काही होतं. सुकाणू नव्हतं, होडीला आडवं वाहून जाण्यापासून रोखणारं पाण्याखालचं फळं, म्हणजे उभी फळी, नव्हती, होडी पाण्याने भरली तर तरंगत ठेवणारी बंद पोकळी नव्हती. पण त्याआधी हे मिळालेलं सामानच बाजूला ठेवायला हवं होतं, आणि ते मालकाच्या गळी उतरवायला आकडेमोड करणं भाग होतं.

होडी किती शीड पेलेल

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. नीट लावलेल्या शिडाच्या दर चौरस मीटरवर ताशी 18 किलोमीटरच्या वाऱ्यात साधारण 1.8 किलोचा रेटा येतो. वारा 27 वर गेला की तोच रेटा 4.1 किलो होतो आणि 36 वर 7.3. म्हणजे वारा दुप्पट, तर रेटा चौपट. हा रेटा शिडाच्या केंद्रावर लागतो आणि पाण्याखालचं फळं त्याला खालून अडवतं. या दोन बिंदूंमधल्या उभ्या अंतराने रेट्याला गुणलं की होडीला कलंडवणारी ताकद मिळते.

आता मिळालेल्या सामानाचा हिशेब. 10 चौरस मीटर शीड, त्याचं केंद्र पाण्याच्या वर अडीच मीटरहून थोडं उंच, फळ्याचं केंद्र पाण्याखाली 35 सेंटिमीटर. अंतर जवळजवळ 3 मीटर. 18 किलोमीटरच्या वाऱ्यात रेटा 18 किलो, म्हणजे कलंडवणारी ताकद 54 किलोग्रॅम-मीटर. 27 च्या वाऱ्यात हाच आकडा 120 च्या पुढे जातो.

होडीला उभं ठेवणार कोण? मुख्यतः आत बसलेली माणसं. 70 किलोचा एक माणूस वाऱ्याकडच्या काठाला सरकून बसला, तर त्याचं वजन होडीच्या मध्यरेषेपासून अर्धा मीटर दूर पडतं: 35 किलोग्रॅम-मीटर. दोघं बसले तर 70. होडीच्या रुंदीमुळे आणखी थोडी मदत मिळते, पण ती मी हिशेबात धरत नाही. अचानक येणाऱ्या झोतासाठी ती राखून ठेवलेली बरी. थोडक्यात, या शिडाखाली एकट्या माणसाला मंद वाऱ्यातही होडी सरळ ठेवता आली नसती, आणि दोघांना जरा बऱ्या वाऱ्यात.

मालकाचं म्हणणं होतं की शर्यतीच्या होड्यांवर तर केवढाली शिडं असतात. असतात, पण कशा होड्यांवर ते बघायला हवं. 'लेझर' ही एकट्याने चालवायची प्रसिद्ध होडी 4.2 मीटर लांब आहे, शीड 7.06 चौरस मीटर. तेवढं शीड पेलण्यासाठी चालवणारा पट्ट्यात पाय अडकवून अख्खं धड होडीबाहेर काढून लोंबतो. आपली होडी तिच्यापेक्षा आखूड, आणि तिच्यावर आपण तिच्या जवळजवळ दीडपट शीड लावू बघत होतो. मला जास्त जवळचं उदाहरण वाटलं 'मिरर'चं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी आखलेली ही 3.3 मीटरची होडी. तारेने टाचून प्लायवूड जोडायची पद्धत घरोघरी पोहोचली ती तिच्यामुळेच. तिचं वजन आपल्या होडीएवढंच आहे, रुंदी किंचित जास्त, आणि दोन्ही शिडं मिळून साडेसहा चौरस मीटरच्या आसपास. शिवाय तिच्या पोटात बंद कप्पे आहेत. ती उलटली तरी सरळ करून पुढे जाता येतं. आपल्या उघड्या होडीला साडेपाचच्या वर जायचं कारण नव्हतं.

दुसरा मुद्दा तारांचा. तारांनी उभी केलेली डोलकाठी दिसते भक्कम, पण तारेतला सगळा ताण शेवटी काठीतून खाली दाबात उतरतो. होडी अरुंद असेल तर तारेचा कोन निमुळता होतो आणि ताण वाढतो. 70 किलोग्रॅम-मीटरचा जोर 62 सेंटिमीटरवरच्या काठाने पेलायचा म्हणजे वाऱ्याकडच्या एका तारेत 113 किलोचा ओढा. तेवढाच दाब, वर शीड ताणायच्या दोराचा दाब, हे सगळं 6 मिलिमीटरच्या तळावर एका मुठीएवढ्या जागेत. मोठ्या होडीला खाली जाडजूड कणा असतो. इथे काठीने तळ खाली ढकलला असता आणि तारांनी काठ वर ओढले असते.

म्हणून तारांशिवाय, स्वतःच्या पायावर उभी राहणारी आखूड डोलकाठी आणि 'बॅलन्स्ड लग' जातीचं चौकोनी शीड ठरलं. या शिडाला वर एक तिरकी काठी आणि खाली एक आडवी काठी, म्हणजे बूम. दोन्ही काठ्या डोलकाठीच्या एकाच बाजूला असतात आणि शिडाचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे राहतो. वाऱ्यावर चढण्यात, म्हणजे वारा येतो त्या दिशेकडे तिरकं जाण्यात, हे शीड उंच त्रिकोणी शिडापेक्षा थोडं मागे पडतं. पण केंद्र खाली राहतं, सगळ्या काठ्या होडीच्या लांबीत मावतात, आणि डोलकाठीपुढच्या त्या भागामुळे वारा मागून असताना बूम फटकन एका बाजूची दुसऱ्या बाजूला जात नाही. घरच्या होडीसाठी मला तरी याहून समजूतदार शीड माहीत नाही.

डोलकाठीची जागा पाण्याखालून ठरते

इथेच बहुतेकांचं गणित उलटं सुरू होतं. बाक जिथे आहे तिथे डोलकाठी, आणि मग फळं कुठेतरी मध्ये. प्रत्यक्षात आधी पाण्याखालचं केंद्र पक्कं करायचं, त्यावरून शिडाचं केंद्र, आणि शिडाच्या केंद्रावरून डोलकाठी.

शीड असं आखलं: बूमची कड 2.5 मीटर, पुढची उभी कड 1.5 मीटर, वरची तिरकी कड साधारण 2.55 मीटर, मागची कड 3.9 मीटरच्या आसपास. क्षेत्रफळ 5.6 चौरस मीटर. केंद्र काढायला गणित येत नसेल तरी अडत नाही. हाच आकार प्रमाणात पुठ्ठ्यावर कापायचा, एका कोपऱ्यातून टाचणीला टांगायचा, ओळंबा सोडून रेघ मारायची. मग दुसऱ्या कोपऱ्यातून तेच. दोन रेघा छेदतात ते केंद्र. मालकाने पुठ्ठ्यावर आणि मी कागदावर काढलेलं केंद्र जवळजवळ एकाच ठिकाणी आलं: पुढच्या खालच्या कोपऱ्यापासून 1.12 मीटर मागे आणि बूमपासून 1.32 मीटर वर. बूमच्या पुढच्या टोकापासून 35 सेंटिमीटरवर डोलकाठी येणार होती, म्हणजे शिडाचं केंद्र डोलकाठीच्या 77 सेंटिमीटर मागे.

मालकाच्या बेताप्रमाणे बाक नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, 1.30 मीटरवर. तिथे डोलकाठी उभी केली असती तर शिडाचं केंद्र 2.07 मीटरवर, होडीच्या निम्म्याच्या बरंच मागे गेलं असतं. फळं होडीच्या मध्याजवळ, 1.85 मीटरवर बसणार होतं. म्हणजे वारा होडीला मागच्या बाजूला ढकलणार आणि फळं तिला त्याच्या पुढे धरून ठेवणार. अशी होडी सतत वाऱ्याकडे तोंड फिरवत राहते. सुकाणू कायम तिरकं ओढून धरावं लागतं, दंड भरून येतो, आणि तिरकं सुकाणू पाण्यात लगामासारखं वेग खातं.

उलट टोकालाही जायचं नसतं. शिडाचं केंद्र फार पुढे गेलं तर होडी वाऱ्यापासून तोंड वळवून पळू लागते. सुकाणूचा दांडा हातून सुटला, माणूस पाण्यात पडला, तर होडी स्वतःहून थांबायला हवी, म्हणजे वाऱ्याकडे वळून शीड फडफडत उभं राहायला हवं. त्यासाठी वाऱ्याकडे वळायची थोडीशी ओढ मुद्दाम ठेवतात. कागदावर मात्र शिडाचं केंद्र फळ्याच्या किंचित पुढे घ्यायचं, कारण होडी कलली की शीड एका बाजूला बाहेर जातं आणि ती ओढ आपोआप वाढते. आम्ही 10 सेंटिमीटर पुढे घेतलं. हिशेब झाला: शिडाचं केंद्र 1.75 मीटरवर, डोलकाठी 98 सेंटिमीटरवर. बाकापासून 32 सेंटिमीटर पुढे. तिथे काहीच नव्हतं, म्हणून नवीन आडवी फळी बसवावी लागली.

फळं तळातून खाली सोडायचं की बाजूला लटकवायचं, हा वाद दोन चहा पुरला. तळाला खाच पाडून पेटी बसवली की फळं मधोमध येतं आणि दोन्ही बाजूंना सारखं काम करतं. पण बैठकीची मधली जागा जाते, पेटीचा सांधा आयुष्यभर गळायची भीती, आणि एकदा खाच पाडली की जागा बदलता येत नाही. पहिल्यांदाच शीड लावणाऱ्या होडीला जागा बदलायची मुभा हवी, म्हणून लीबोर्ड: काठाला बाहेरून लटकवलेलं फळं. 35 सेंटिमीटर रुंद, पाण्याखाली 65 सेंटिमीटर, म्हणजे शिडाच्या चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रफळ. एकच लीबोर्ड दोन्ही बाजूंच्या वाऱ्यात चालतो. अट एकच, तो वर काठाशी आणि खाली तळाच्या कडेशी असा दोन ठिकाणी घट्ट टेकलेला हवा, कारण एका बाजूच्या वाऱ्यात पाणी त्याला होडीवर दाबतं आणि दुसऱ्या बाजूच्या वाऱ्यात होडीपासून उचकटू पाहतं.

काठी तासताना

डोलकाठी 3.3 मीटरची, भरीव, सरळ रेषांच्या नरम लाकडाची. आडव्या फळीच्या भोकापाशी व्यास 65 मिलिमीटर, टोकाला 40, पायाशी 50. लाकूड निवडताना गाठींपेक्षा रेषा बघाव्यात. लहान घट्ट गाठ परवडते, पण रेषा तिरप्या जाऊन बाजूने बाहेर पडत असतील तर काठी तिथेच चिरते. एकसंध चांगला तुकडा मिळाला नाही, म्हणून दोन फळ्या रेषा उलटसुलट ठेवून इपॉक्सीने जोडल्या. याने वाळताना वाकायची खोडही मोडते.

65 हा आकडा हौसेने घेतलेला नाही. काठीची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. 50 ऐवजी 65 घेतलं की ताकद दुपटीहून जास्त होते, आणि वजन तरीही चार किलोच्या आत राहतं. 36 किलोमीटरच्या वाऱ्यात पूर्ण शीड चुकून वर राहिलं, तर 50 मिलिमीटरची काठी मोडण्याच्या उंबरठ्यावर येते. 65 ची वाकते, पण निभावते.

चौकोनी लाकडाची गोल काठी करायची जुनी युक्ती आहे. एक लाकडी पट्टी घ्यायची, तिच्या दोन टोकांना 24 भाग अंतरावर दोन खिळे, आणि मध्ये 7 आणि 17 व्या भागावर दोन पेन्सिली. ही पट्टी चौकोनी दांड्यावर तिरकी धरायची, दोन्ही खिळे दोन्ही बाजूंना टेकलेले ठेवायचे आणि ओढत न्यायची. दांडा निमुळता होत गेला की पट्टी आपोआप जास्त तिरकी होते आणि पेन्सिली 7, 10, 7 या प्रमाणात रेघा मारत जातात. 65 मिलिमीटरच्या जागी त्या 19, 27, 19 वर पडतात. चारही बाजूंना रेघा मारल्या की कोपरे रेघेपर्यंत रंध्याने काढायचे, आठ सारख्या कडा तयार. मग डोळ्याने सोळा, आणि शेवटी सँडपेपरची पट्टी काठीभोवती टॉवेलने पाठ पुसतात तशी ओढायची. आधी चौकोनातच निमुळतेपणा आणायचा, मग कोपरे काढायचे. क्रम उलटा केला तर काठी कुठेतरी अंडाकृती होतेच. मालकाने ही काठी जिवापाड मेहनतीने केली, आणि सगळ्या कामातला तोच भाग त्याला सगळ्यात आवडला असावा; वार्निशचे थर संपता संपेनात.

पायाचा ठोकळा आणि जमिनीवरची परीक्षा

काठीच्या मानाने पायाकडे दुर्लक्ष झालं. तळावर 20 मिलिमीटरचा लाकडी ठोकळा, मध्ये भोक, चार कोपऱ्यांत चार स्क्रू. मालकाच्या डोक्यात असं होतं की काठीचं वजन चार किलो, ते ठोकळ्यावर उभं राहील.

वजनाचा प्रश्नच नाही. तारांशिवायची डोलकाठी आडव्या फळीच्या भोकात टेकून उभी असते आणि तिथेच ती तरफ बनते. वर शीड तिला वाऱ्याच्या दिशेत ढकलतं, खाली पाय उलट, वाऱ्याकडे सरकू बघतो. फळीच्या भोकापासून पायापर्यंत 38 सेंटिमीटर, आणि भोकापासून शिडाच्या केंद्रापर्यंत 1.7 मीटर. वर 20 किलोचा रेटा आला की पायाला आडवा जवळजवळ 90 किलोचा ओढा लागतो, आणि फळीच्या भोकाला दोन्हींची बेरीज, 110 किलो.

हे सांगून पटत नाही, म्हणून करून बघितलं. होडी गवतावर जुन्या टायरांवर ठेवली, डोलकाठी उभी केली, शिडाच्या केंद्राच्या उंचीवर दोर बांधला आणि दोराला ताणकाटा लावला. दोघं जण दोर ज्या बाजूला ओढायचा त्याच्या उलट बाजूच्या काठावर बसले आणि दोर आडवा ओढला. काटा 8 किलोवर असेपर्यंत सगळं शांत. 12 च्या पुढे ठोकळ्याची एक कड वर उचलू लागली. कागद आत सरकेल एवढी फट. 15 ला 'टक्' आवाज आला. वाकून बघितलं तर तळ आणि बाजू जिथे जुळतात तिथल्या इपॉक्सीवर केसाएवढी पांढरी रेघ उमटली होती. 20 पर्यंत जायची गरज उरली नाही. हे पाण्यावर झालं असतं तर ठोकळा उखडून तळाला चार भोकं पडली असती.

दुरुस्ती अशी झाली. तळावर 40 मिलिमीटर उंचीचे दोन आडवे दांडे, या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड, इपॉक्सीने चिकटवून वर फायबरग्लास. त्या दोघांच्या मध्ये कठीण लाकडाचा 40 मिलिमीटरचा ठोकळा, घट्ट ठोकून बसवलेला. आता पायाचा ओढा स्क्रूंवर न येता दांड्यांतून होडीच्या दोन्ही बाजूंना जातो. ठोकळ्याच्या भोकाला खालून बाजूला एक पन्हळ कोरली, नाहीतर पाणी साचून काठीचा पाय कुजतो. नवीन आडव्या फळीला दोन्ही टोकांशी कोनी आधार बसवले आणि भोकाखाली जास्तीचा तुकडा चिकटवून जाडी दुप्पट केली. भोक मुद्दाम काठीपेक्षा सैल ठेवलं, आतून चामड्याचं अस्तर, आणि काठी घट्ट बसवायला दोन पाचरी. पाचरी पुढे-मागे केल्या की डोलकाठी दोन अंश मागे झुकवता येते आणि शिडाचं केंद्र सातेक सेंटिमीटर सरकतं. पुन्हा ओढून बघितलं. 20 किलोवर काठी छान कमानीसारखी वाकली, खाली काहीही हललं नाही.

शीड, दोर, सुकाणू

शीड पहिल्या चाचण्यांसाठी ताडपत्रीचं. चांगल्या शिडाच्या कापडाइतकं ते टिकत नाही आणि ताणल्यावर लांबतं, पण आकार चुकला तर कापून पुन्हा शिवता येतं, म्हणून मी नेहमी हाच सल्ला देतो. शीड सपाट नसावं. वरच्या आणि खालच्या कडा सरळ न कापता मधोमध काही सेंटिमीटर फुगीर ठेवल्या की सरळ काठीला बांधल्यावर ते जास्तीचं कापड आत सरकून शिडाला पोट येतं. कोपऱ्यांवर चार-चार थर, कडेला आतून दोर, आणि खालून 70 सेंटिमीटरवर शीड आखडायची ओळ. ही ओळ पहिल्याच शिडात हवी. ती बांधली की शीड 3.9 चौरस मीटरवर येतं आणि केंद्रही खाली उतरतं. 36 च्या वाऱ्यात पूर्ण शिडाची 96 किलोग्रॅम-मीटरची ताकद 59 वर येते. क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी कमी होतं, कलंडणं त्याहून जास्त.

शीड वर खेचायचा दोर वरच्या काठीला पुढून पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान बांधलेला, आणि काठी डोलकाठीपासून दूर जाऊ नये म्हणून मणी ओवलेला एक सैल फास. खरा जीव आहे तो बूम खाली ओढणाऱ्या दोरात, डाउनहॉलमध्ये. तो तीनपट ताकद देणाऱ्या लहान पुलींमधून घेतला आणि होडीच्या तळाशी बांधला, म्हणजे होडी उलटली तरी डोलकाठी भोकातून निसटत नाही. पुढच्या वरच्या कोपऱ्यातून मागच्या खालच्या कोपऱ्याकडे सुरकुती दिसली तर डाउनहॉल ढिला आहे. मागच्या वरच्या टोकापासून पुढच्या खालच्या कोपऱ्याकडे बारीक सुरकुती असेल तर वारा भरताच ती जाते, तेवढी हवीच.

सुकाणू मागच्या फळीला टांगलेलं, आतून जाड तुकडा चिकटवून. शीड आत-बाहेर करायचा दोर, शीट, हातातच धरायचा. बांधून ठेवायला खुंटी मुद्दामच दिली नाही. नाळेला आणि मागे मिळून दीडशे लिटरचे बंद कप्पे. उथळ पाण्यात होडी हाताने उलटवून, भरून, पुन्हा सरळ करून बघितली. काठ पाण्याच्या वर राहिले आणि आत बसून बादलीने पाणी काढता आलं. लाकडी काठ्या स्वतः तरंगतात, त्यामुळे उलटलेली होडी पूर्ण पालथी होण्याची शक्यता कमी होते हा आणखी एक फायदा. जुनी ॲल्युमिनियमची काठी तोंडं बुजवलेली नसती तर पाणी भरून तीच होडीला खाली ओढत राहिली असती.

पाण्यावर

पहिल्या दिवशी वारा दहा-बारा किलोमीटरचा, किनाऱ्याला समांतर. जीवरक्षक जाकिटं अंगात, वल्ही आत. लीबोर्ड आधी मुद्दाम 15 सेंटिमीटर पुढे लटकवला, फरक हाताला कळावा म्हणून. होडीने लगेच वाऱ्याकडे तोंड वळवायला सुरुवात केली. मग तो हिशेबाच्या जागी आणला आणि सुकाणूचा दांडा दोन बोटांत धरता येऊ लागला. दांडा सोडून बघितला: होडी सावकाश वळली, शीड फडफडलं, थांबली. जे हवं होतं तेच.

तरीही वाऱ्यातून तोंड फिरवून दुसऱ्या बाजूला जायला ती तयार नव्हती. अर्ध्यात यायची, थबकायची आणि मागे सरकू लागायची. मालकाला वाटलं लीबोर्ड चुकला. होडीच्या मागच्या फळीकडे बघितलं तर ती पाण्यात चांगली बोटभर बुडालेली आणि मागे पाणी घुसळत होतं. दांडा धरायला मालक अगदी टोकाला बसला होता. 70 किलो मागच्या टोकाला, नाळ हवेत. सपाट तळाच्या हलक्या होडीला हे सोसत नाही. पाण्याखालचं केंद्रही मागे सरकतं आणि वाऱ्याकडे वळायची ओढ नेमकी हवी तेव्हा कमी होते. सुकाणूच्या दांड्याला पुढे एक सांध्याची लांब दांडी जोडली आणि मालक होडीच्या मध्यात तळाशी बसला. मागची फळी पाण्याबाहेर आली, मागचं पाणी गुळगुळीत झालं. आता वळताना आधी थोडा वेग घ्यायचा, सुकाणू एकदम न मारता हळूहळू वळवत न्यायचं, आणि शीड शेवटपर्यंत ओढून ठेवायचं, एवढं केलं की ती फिरते. वाऱ्याशी साधारण 50 ते 55 अंशांवर ती चढते; सपाट तळाच्या घरच्या होडीकडून मी याहून जास्तीची अपेक्षा करत नाही.

लीबोर्ड उचकटणाऱ्या बाजूच्या वाऱ्यात त्याची काठावरची पकड अजून थोडी पिळते. तिथे लाकडी पट्टीऐवजी रुंद कंस बसवायचा आहे. ताडपत्रीचं शीड एक मोसम काढेल, मग त्याच मापाचं चौरस मीटरला 170 ग्रॅम वजनाच्या पॉलिस्टर कापडाचं शिवायचं, त्यात दुसरी आखडायची ओळ घालून. तोवरचा नियम मालकाने स्वतःच काढला आहे. पाण्यावर पांढरे फेस सारखे दिसू लागले की पूर्ण शीड नाही, आणि एकट्याने जायचं असेल तर किनाऱ्यावरच शीड आखडून निघायचं. आखडलेल्या शिडाखाली 27 किलोमीटरच्या वाऱ्यात कलंडवणारी ताकद 33 किलोग्रॅम-मीटर येते आणि काठावर बसलेला एकटा माणूस 35 पेलतो. त्याच्या वर वारा गेला तर वल्ही आहेतच.